दीपस्तंभ सरळ हवा

सेक्रेटरी शिरसाट म्हणाले, बाकी काही नको,
दीपस्तंभ सरळ हवा.
गेल्या सालच्या कॅलेंडरात तो मागे कलला होता,
पिऊन आल्यासारखा,
आणि महाजनांनी सभेत विषय काढला.

मागे सरायला जागा नाही.
माझ्या टाचेमागे तळी,
तिपाईचा एक पाय शेवटच्या कोरड्या पायरीवर,
दुसरा शेवाळावर, खाली दगडाची चीप.
कॅमेऱ्यानं मान वर केली
की रेषा एकमेकींकडे झुकतात,
सातही मजले आभाळात निमुळते होतात.
म्हणून मान वर करायचीच नाही.
पातळीचा बुडबुडा मधोमध आणतो,
बाजूची कळ फिरवतो,
आणि भिंगच सरकतं वर, अकरा मिलिमीटर,
खिडकीशी उभ्या माणसानं
नजर न उचलता पाटावर चढावं तसं.

अबोलीच्या फाती विकणारी पोरगी
टोपली चौथऱ्याशी ठेवून आली.
"हाचो दोळो भायर सरला," म्हणाली,
"तामशाचो सरता तसो."
खोलातून ओढून काढलेल्या माशाचा.

सरलाय खरा. कशानं, ते मला
मडगावच्या इनासियुनं सांगितलं होतं,
भिंगं उघडून पुसणाऱ्या म्हाताऱ्यानं,
टेबलावर बशी आणि टपालाचं तिकीट मांडून.
साधं भिंग तिकिटापुरतीच बशी आणतं,
चारही कोपरे काठाला टेकलेले.
याला परात लागते.
परातीत तिकीट हवं तिकडे सरकवा,
वर, खाली, पार डावीकडे,
प्रत्येक कोपऱ्याखाली उजेड असलाच पाहिजे.

आणि परातीच्या काठाचा उजेड
समोरून येत नाही.
तो येतो आडून, तिरका,
मंडपाच्या कडेनं अंग चोरत येणाऱ्या माणसासारखा.
लहान सपाट काच त्याला
अर्धवट लोटलेल्या दाराएवढी दिसते;
अर्धं अंग बाहेरच राहतं
आणि फोटोचे कोपरे काजळी धरतात.

म्हणून पुढची काच मोठी.
म्हणून फुगीर.
कुठल्याही बाजूनं या,
तिचा थोडा तरी भाग तुमच्याकडे तोंड करून असतो.
ती उजेडाला जरासं वळवते,
मागच्या भिंगांच्या अरुंद गल्लीत धाडते.

याची किंमत विचारली तर इनासियु हसला होता.
साधं टोपण बसत नाही. पुढे फिल्टर लागत नाही.
ऊन बाजूनं शिरलं की चित्रभर डाग.
आणि काही आपटलं तर पहिल्यांदा हिलाच.
दिवाडीच्या फेरीबोटीतला ओरखडा
त्यानं बोटानं शोधला, डोळे मिटून.

मी तळहाताची सावली धरून उभा.
पोरगी परत चौथऱ्याशी.
"हांव येतां फोटोंत?"
येतेस, आणि येत नाहीस.
भिंगानं तुला घेतलंय,
परातीच्या काठाशी आहेस, उलटी,
तिकिटावर नाहीस.

शिरसाट म्हणाले, बरं झालं.
पडद्यावर दीपस्तंभ ओळंब्याला लावून पाहिला,
समाधानानं ऑफिसात गेले.

त्यांची पाठ वळली तशी
मी कळ उलटी फिरवली.
शून्य. मग आणखी खाली.
कळस गेला, वरचे दोन मजले गेले,
ओल्या फरश्या आल्या, टोपली,
आणि कोपऱ्यात ती.

बघून रागावली.
काठावरचं सगळं हे भिंग बाहेर ताणतं,
त्यावर इनासियुकडेही औषध नव्हतं.
टोपली होडीएवढी लांब,
गाल एकीकडे ओघळलेला.
"म्हजें तोंड पणसासारकें!"
आणि दहा रुपये घेतल्याशिवाय
फात काही दिली नाही.

ती मी तिपाईला अडकवली.
मग पोरगी काचेशी वाकली.
तिथं ती होती इवलीशी,
अख्खी तळी पाठीशी घेऊन.
दातात काही अडकलंय का,
तेवढं तिनं तपासलं.